वाळा : हातोहात जगलेलं गवत



हल्ली बंगल्यापुढं, हॉटेलापुढं शोभेची गवतं लावायची पद्धत पडली आहे. पांढऱ्या मोठ्या तुऱ्याचं पम्पास, नाहीतर जांभळट केसाळ कणसाचं फाउंटन ग्रास. घराभोवती गवत लावायचं तर कुठलं लावावं, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर एकच, वाळा. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. या गवतामागं मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या बांधाशी येऊन भिडतो. म्हणून आज जरा लांबण लावतो.

आधी त्या दोन पाहुण्यांचं सांगतो. पम्पास मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. शोभेसाठी म्हणून कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये नेलं. बी हलकं, वाऱ्यावर उडतं. बागेतून निसटलं आणि रानात तण होऊन बसलं. फाउंटन ग्रास आफ्रिकेकडचं, त्यानं हवाई बेटांवर माळच्या माळ धरले. म्हणजे गवत निवडताना तुरा किती देखणा हे नंतर बघा, आधी त्याचं बी कुठं जातं ते बघा.

वाळा मात्र आपल्या देशातला. संस्कृतात उशीर, हिंदीत खस, तमिळमध्ये वेट्टिवेर. या तमिळ नावावरूनच युरोपातल्या भाषांत त्याचं नाव गेलं. लिनियसनं १७७१ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. आज शास्त्रज्ञ त्याला क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस म्हणतात. जुन्या पुस्तकात व्हेटिव्हेरिया नाव दिसलं तरी गवत तेच.

वाळ्याचा वास मुळीत असतो, पानात नाही. पान चुरगळून लिंबासारखा वास आला तर तो गवती चहा समजा. रोप घेताना एवढी पारख पुष्कळ झाली.

या मुळीचा मान फार जुना. चरकसंहितेत अंगाची आग शमवणाऱ्या औषधांत उशीर आहे. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतलेला उशीराचा लेप लावलेला आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं खसच्या मुळ्या भरून केलेल्या आणि पाणी शिंपडून गार ठेवलेल्या खोल्यांची नोंद केली आहे. पुढं इंग्रज साहेबांच्या कचेरीच्या दारा-खिडक्यांना खसच्या ताट्या लागल्या आणि त्यावर पाणी मारायला माणसं ठेवली गेली. विदर्भातल्या मंडळींना कूलरची वाळ्याची ताटी वेगळी सांगायला नको. आपल्याकडं उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात, ती याच मुळीची.

पण इथं एक मेख आहे. मुळी हवी तर ठोंब उपटावा लागतो. ठोंब गेला आणि वर माती उघडी पडली. हैती देश वाळ्याच्या तेलासाठी जगात नावाजलेला आहे. तिथं डोंगरउतारावर मुळ्या खणून काढतात आणि मोकळी झालेली माती पावसात वाहून जाते. जे गवत माती धरतं, तेच खणलं की माती जाते. वाळ्याचा सगळा इतिहास या दोन टोकांत आहे.

आता दुसरं टोक बघू. वाळ्याचे ढोबळ दोन प्रकार. उत्तरेकडं नदीकाठी, पाणथळ जागी रानटी वाढतो, त्याला उगवणारं बी येतं. दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या लागवडीत असलेल्याला तुरा येतो, पण उगवणारं बी जवळपास धरत नाही. हळदीसारखं किंवा केळीसारखंच म्हणा. मग तो टिकला कसा? कुणीतरी ठोंब फोडला, चार फुटवे शेजाऱ्याला दिले, लेकीच्या सासरी पाठवले. असा हातोहात तो जगला. त्याचं नाव कुठल्या दप्तरात नसलं तरी परसात तो होता.

कर्नाटकात म्हैसूरच्या दक्षिणेला गुंडलुपेट भाग आहे. तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याची ओळ राखत आले. कोवळा पाला जनावराला, माती जागेवर, आणि हद्दही पक्की. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात घ्या. वाळा हरळीसारखा पळत नाही. फुटवे ठोंबालाच चिकटून येतात. जिथं लावला तिथंच उभा. मातीचा बांध दरसाल दोन्हीकडून कोरला जातो आणि भाऊ-भाऊ कोर्टात जातात. वाळ्याची ओळ कुणी कोरली तर डोळ्याला दिसते.

आपल्या भागात मात्र भर मातीच्या बांधावर राहिला. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि पुढं सोलापूर, नगरकडच्या कोरडवाहू भागात समतल बांधांची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. १९७२ च्या दुष्काळात तर बांधबंदिस्तीनं कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. त्या कामाचं मोल कमी करायचं नाही. पण भारी काळ्या जमिनीत बांधाला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी भेगेत शिरतं आणि बांध फुटतो. साठलेलं पाणी एकदम सुटलं की खाली घळ पडते.

वाळ्याची ओळ पाणी अडवत नाही, त्याचा वेग मारते. पाणी दाट बुंध्यातून झिरपत पुढं जातं आणि गाळ मागं बसतो. गाळ चढला की वाळा नवीन पेरावर मुळं सोडून आणखी वर येतो. काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते. मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटर सहज, त्यामुळं शेजारच्या पिकाला त्रास कमी.

जॉन ग्रीनफिल्ड नावाच्या माणसानं १९५० च्या दशकात फिजी बेटांवर उसाच्या उतारावर हेच करून बघितलं होतं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कामावर तो भारतात आला. रिचर्ड ग्रिमशॉ यांच्याबरोबर त्यानं इथं वाळ्याचा प्रचार सुरू केला आणि १९८७ साली त्यावर छोटी पुस्तिका निघाली. १९९३ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं सगळं तपासून अहवाल काढला. गुंडलुपेटच्या बांधावरचं ज्ञान इंग्रजी पुस्तकातून आपल्याकडं परत आलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं.

एक धोकाही त्याच इतिहासात आहे. १९९८ साली देशोदेशीच्या वाळ्याची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. दक्षिण आशियाबाहेरचे बहुतेक नमुने एकाच वाणाचे निघाले. अमेरिकेत लुईझियानातल्या एका गावावरून त्या वाणाला सनशाइन नाव दिलं. म्हणजे जगभर एकाच ठोंबाचे फुटवे. उद्या त्यावर एखादा रोग आला तर सगळीकडं एकदमच येईल. वाळ्यातलं वेगवेगळेपण आपल्या देशात आहे. म्हणून गावातल्या जुन्या घरामागं एखादा ठोंब असेल तर तो जपा. घर पाडताना, रस्ता रुंद करताना जेसीबीखाली असा ठोंब गेला की गेला. बी नाही, परत उगवायचा नाही.

आता लावायचा कसा ते थोडक्यात.

ठोंब अशा ठिकाणचा घ्या, जिथं आजूबाजूला बियांपासून उगवलेली रोपं दिसत नाहीत. पाऊस लागल्यावर लावा. दोन-तीन फुटव्यांची जुडी करा, पाला वीतभर ठेवून छाटा, मुळं दोन-तीन बोटं ठेवा. परसात शोभेला तीन-तीन फुटांवर एकेक ठोंब. पुरुषभर उंच जातो, जांभळट तुरा छान दिसतो. बांधावर मात्र चार ते सहा इंचांवर, उताराला आडवी ओळ. एक जरी फट राहिली तर पाणी तिथूनच घुसतं, म्हणून मेलेली रोपं त्याच पावसात सांधा. पहिल्या वर्षी खुरपणी आणि उघडीप पडली तर पाणी एवढं सांभाळा. ऊन भरपूर हवं, दाट सावलीत वाळा खंगतो. वर्षातून दोन-तीनदा गुडघ्याएवढा छाटा, पाला आच्छादनाला वापरा.

माठासाठी मुळी हवी असेल तर बांधाला हात लावू नका. एका पोत्यात वाळू, माती आणि शेणखत भरून त्यात वेगळा ठोंब लावा. दीड वर्षानं पोतं फाडा, मुळी स्वच्छ निघते. आणि निघालेल्या फुटव्यांतले चार शेजाऱ्याच्या हातात द्या. हे गवत आजवर तसंच जगलं आहे.