व्हॅम्पायरशी जमवण्याआधी त्याचं साल विचारा

व्हॅम्पायर आवडणाऱ्या सज्ञान मित्रमैत्रिणींना मी पहिला सल्ला हाच देते: समोरचा कोणत्या सालचा आहे, ते आधी विचारा.

१७२५चा असेल तर सरळ घरी जा. त्या साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला आणि पाठोपाठ आठ दिवसांत आणखी नऊ माणसं गेली. मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाचा, म्हणून सरकारी अधिकाऱ्यासमोर थडगं उघडलं. प्रेत ताजं, तोंडात रक्त, नखं नवी. (प्रेत कुजताना वायूने फुगतं आणि रक्ताळ द्रव तोंडाशी येतो, कातडी आक्रसली की नखं वाढल्यासारखी दिसतात.) गावकऱ्यांनी खुंटा ठोकून त्याला जाळलं. या अहवालात रोमान्स शोधलात तर एवढंच मिळतं: मेलेला नवरा बायकोकडे आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. बाई गाव सोडून निघून गेली. नात्याबाबत इतका स्वच्छ निर्णय मी दुसरा वाचलेला नाही.

हा फुगलेला शेतकरी देखणा झाला १८१९मध्ये, आणि त्याला कारण कवी लॉर्ड बायरन. १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात तो जिनिव्हाच्या तळ्याकाठी राहत होता. सोबत त्याचा डॉक्टर, जॉन पॉलिडोरी. वय वीस, आणि बायरनचे टोमणे रोजचे. भुताच्या गोष्टी लिहायचं ठरलं (मेरी शेलीचा फ्रँकेनस्टाइन तिथलाच). बायरनने अर्धवट सोडलेल्या गोष्टीवरून पॉलिडोरीने ‘द व्हॅम्पायर’ लिहिली. त्यातला लॉर्ड रुथवेन फिकट, खानदानी, मोहक आणि जवळ येईल त्याचं वाटोळं करणारा. ‘रुथवेन’ हे नाव आधीच ‘ग्लेनार्वन’ या कादंबरीत बायरनसारख्याच एका पात्राला मिळालेलं होतं. लेखिका कॅरोलाइन लॅम्ब, म्हणजे बायरनची एक्स! वर पॉलिडोरीची गोष्ट छापून आली ती बायरनच्या नावावर. यात रक्त कोणाचं प्यायलं गेलं, ते तुम्हीच ठरवा.

‘मी फक्त रात्रीच भेटतो’ ही सबब त्याहून नवी. स्टोकरचा १८९७चा ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो. उन्हाने मरणं आलं १९२२च्या ‘नोस्फेराटू’ सिनेमातून. तेव्हा दुपारी कॉफीला बोलवा. आला नाही, तर आधी त्याचं लग्न झालंय का ते बघा.

रुथवेनवरच जीव जडला असेल तर मात्र गोष्ट शेवटपर्यंत वाचा. मला त्यातल्या दातांची भीती वाटत नाही, शपथेची वाटते. ग्रीसमध्ये मरायला टेकलेला रुथवेन ऑब्री या तरुण मित्राकडून वचन घेतो: वर्ष आणि एक दिवस माझ्याबद्दल कुणाशी काही बोलायचं नाही. मग तो जिवंत परततो आणि ऑब्रीच्याच बहिणीशी लग्न ठरवतो. ऑब्री शपथेपायी गप्प. लोक त्याला वेडा समजतात. लग्न लागतं, जोडपं लंडनबाहेर जातं, मध्यरात्री मुदत संपते आणि तो सगळं सांगून टाकतो. मंडळी धावत पोचतात. मुलगी मेलेली, रुथवेन पसार.