थ्री मिनिट्स : अ लेंग्थनिंग

डच पत्रकार व इतिहास-अभ्यासक बियांका स्टिख्टर यांनी दिग्दर्शित केलेला २०२१ चा माहितीपट. लांबी ६९ मिनिटे. पोलंडमधील नाशेल्स्क या गावच्या ज्यू वस्तीचे १९३८ साली एका हौशी पाहुण्याने केलेले, तीन मिनिटांहून थोडे अधिक भरणारे चित्रण हाच त्याचा सगळा दृश्य ऐवज. तेच तुकडे थांबवून, उलटे फिरवून, मोठे करून पुन्हापुन्हा दाखवले जातात. निवेदन हेलेना बॉनम कार्टर यांचे असून स्टीव्ह मॅक्वीन हे सहनिर्माते आहेत.

वॉर्सापासून उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या नाशेल्स्कमध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे ३,००० ज्यू राहत. तिथे जन्मलेले डेव्हिड कुर्ट्झ लहानपणीच अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचे बस्तान बसले. १९३८ च्या ऑगस्टमध्ये पत्नी व मित्रमंडळींसह युरोपची सहल करताना ते आपल्या जन्मगावीही गेले. हाती १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता; काही चित्रण कृष्णधवल, काही रंगीत. कॅमेरा पाहताच गाव गोळा झाले. सिनेगॉगच्या पायऱ्या उतरणारी माणसे, दारात उभ्या बायका आणि चौकटीत येण्यासाठी एकमेकांना ढकलणारी मुले त्यांनी टिपली. इतिहासासाठी काही नोंदवावे असा हेतू नव्हता, म्हणूनच ही माणसे कोणाचे प्रतिनिधित्व करताना दिसत नाहीत. ती नुसती आपल्या गावात असतात.

हे रीळ २००९ मध्ये त्यांचे नातू ग्लेन कुर्ट्झ यांना फ्लोरिडातील आईवडिलांच्या घरी, एका कपाटात सापडले. फीत आकसून ताठर झाली होती. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाने ती वाचवली आणि सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. गाव कोणते हेही आधी कळेना. आजीचे माहेरगाव असावे असा पहिला अंदाज होता. पुढे अमेरिकेतील एका महिलेने संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्रण पाहिले आणि त्यातल्या तेरा वर्षांच्या मुलात आपले आजोबा ओळखले. ते मॉरिस चँडलर, गावातले नाव मोशेक तुखेंडलर. या शोधावर कुर्ट्झ यांनी २०१४ मध्ये पुस्तक लिहिले. स्टिख्टर यांनी रॉटरडॅम चित्रपट महोत्सवासाठी आधी याच ऐवजाचा छोटा दृश्यनिबंध केला आणि त्यातून हा माहितीपट वाढला.

सुरुवातीला संपूर्ण चित्रण भाष्याविना, फक्त प्रक्षेपकाच्या खरखरीसह दाखवले जाते. पहिल्या वेळी गर्दीपलीकडे फारसे हाती लागत नाही. मग शोध सुरू होतो. किराणा दुकानाच्या पाटीवरची पुसट अक्षरे वाचण्याची धडपड, चौकातली झाडे कोणती याची चौकशी, सिनेगॉगच्या दारावर कोरलेले सिंह, गावातला बटणांचा कारखाना अशा एकेका खुणेपाशी चित्रपट थबकतो. कोणत्या मुलाच्या डोक्यावर कोणती टोपी आहे यावरून त्याचे घर किती कर्मठ हे ओळखता येई. बाहेरच्याला एकसंध वाटणाऱ्या ज्यू समाजात ऐपतीचे, धर्मनिष्ठेचे आणि शिक्षणाचे किती पदर होते, हे टोप्यांच्या या प्रकरणात जितके उमगते तितके एखाद्या जाड ग्रंथातही क्वचितच उमगावे. पुढे दीडशेच्या आसपास चेहरे एकेक करून वेगळे काढून पडद्यावर शेजारीशेजारी मांडले जातात. नावे मात्र त्यांतल्या मोजक्यांनाच मिळाली आहेत.

३ डिसेंबर १९३९ रोजी नाझींनी नाशेल्स्कच्या ज्यूंना गावातून हाकलले. नंतर बहुतेकांचा शेवट त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत झाला. शंभराहून कमी माणसे वाचली. या हद्दपारीचे एकही दृश्य चित्रपटात नाही. वॉर्साच्या गेटोत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांनी गुप्तपणे जमवलेल्या कागदपत्रांतली त्या दिवसाची साक्ष वाचली जाते आणि तेवढा वेळ कॅमेरा बाजारचौकाच्या एका स्थिर चित्रात संथपणे शिरत राहतो. शेवटी चौक नाहीसा होऊन नुसते करडे ठिपके उरतात. प्रेतांचे ढीग दाखवण्याच्या रूढ वाटेला न जाण्याचा हा निर्णय धाडसाचा होता, आणि चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तोच आहे.

क्लोद लान्झमान यांनी ‘शोआ’ (१९८५) या नऊ तासांहून मोठ्या माहितीपटात जुने चित्रण कटाक्षाने टाळले आणि हयात साक्षीदारांच्या बोलण्यावर सारी भिस्त ठेवली. स्टिख्टर यांची रीत नेमकी उलटी. इथे बोलणारे चँडलर व ग्लेन कुर्ट्झ यांचेही फक्त आवाज ऐकू येतात आणि पडद्यावर १९३८ सोडून दुसरा काळ येत नाही. त्याहून जवळची तुलना याएल हर्सोन्स्की यांच्या ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ (२०१०) या माहितीपटाशी होईल. नाझी चित्रपथकाने १९४२ मध्ये वॉर्सा गेटोत केलेले प्रचारी चित्रण तिथे असेच उलगडून तपासले आहे. पण तो कॅमेरा मारेकऱ्यांचा होता आणि त्याच्यासमोर माणसांना सांगितलेले सोंग वठवावे लागे. नाशेल्स्कमधला कॅमेरा गावच्याच एका लेकाच्या हातात होता, आणि त्याच्यापुढे यायला कुणाला बोलवावे लागले नाही.