राखणीसाठी जातिवंत पिल्लू घेताय? पिल्लाआधी त्याची आई बघा

हुबळी : विद्यानगर, शिरूर पार्क, केशवापूर किंवा धारवाडकडच्या एखाद्या नव्या लेआउटमध्ये घर बांधून झालं की पुढचा विषय ठरलेला असतो, एक चांगला राखणीचा कुत्रा आणायचा. मग कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवतं, ‘प्युअर आहे, कागद नंतर देतो’ म्हणतं, ॲडव्हान्स जातो आणि पिल्लू घरी येतं. बऱ्याच घरांत त्याच आठवड्यात दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. काही ठिकाणी वर्षभरानंतर कळतं की जात वेगळीच आहे. काही ठिकाणी जात खरी निघते, पण कुत्रा घरच्यांनाच गुरगुरतो.

हे टाळता येतं. जातिवंत पिल्लू घेताना पिल्लाचा फोटो सगळ्यात कमी कामाचा. त्याची आई, ते वाढलं ती जागा आणि ते विकणारा माणूस या तीन गोष्टी पुढची दहा-बारा वर्षं ठरवतात. हुबळी-धारवाड, बेळगाव, बागलकोट भागातल्या वाचकांसाठी खरेदीची ही सविस्तर माहिती.

आधी ठरवा, राखण म्हणजे नेमकं काय हवंय

राखणीचे प्रकार वेगळे आहेत. अनोळखी माणूस गेटपाशी आला की भुंकून सांगणारा कुत्रा हवा, की मळ्यात रात्री फिरणारा हवा, की नुसत्या अंगकाठीने वचक बसवणारा? बहुतेक घरांना पहिल्या प्रकाराची गरज असते आणि ते तिसऱ्या प्रकाराचं पिल्लू घेऊन येतात.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि रॉटवायलर या आपल्याकडे जास्त मागणी असलेल्या राखणीच्या जाती. तिन्ही हुशार आहेत, पण तिन्हींना रोजचा व्यायाम आणि शिकवणी लागते. घरातलं कुणी रोज तास-दीड तास देणार नसेल, तर या जाती घेऊ नयेत. लॅब्राडोर भुंकतो, पण मुळात तो राखणीचा कुत्रा नाही. दाट केसांच्या थंड प्रदेशातल्या जाती आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हाल काढतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. दिवसभर घर बंद आणि कुत्रा बाल्कनीत, ही राखण नव्हे. असा कुत्रा कंटाळून भुंकत राहतो आणि शेजारी तक्रार करतात.

मुधोळ : शेजारची जात, पण तिचा स्वभाव ओळखा

जातिवंत म्हटलं की परदेशी नावंच डोळ्यांपुढे येतात. मात्र हुबळीहून तीन-एक तासांच्या रस्त्यावर, बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे आणि तिथल्या कुत्र्याचं नाव देशभर आहे. महाराष्ट्रात याच जातीला कारवानी म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी स्थानिक शिकारी लोकांकडचे हे कुत्रे पाहून त्यांची निवडक पैदास करवली आणि इंग्लंडच्या दौऱ्यात राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, असा इतिहास सांगितला जातो. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. भारतीय लष्करानेही या जातीची पिल्लं मेरठच्या आपल्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतल्यावर मागणी एकदम वाढली. मागणीबरोबर भेसळही वाढते, हे लक्षात ठेवा.

मुधोळ तालुक्यात तिम्मापूर इथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. या जातीचं पिल्लू घ्यायचं असेल तर पहिली चौकशी तिथे करावी. जाण्याआधी फोन करून पिल्लं आहेत का, नाव नोंदवावं लागेल का, हे विचारून घ्या.

आता स्वभाव. मुधोळ हा नजरेने सावज टिपून धावणारा कुत्रा आहे. अंगाने सडपातळ, लांब पायांचा, नर साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच. तो घराशी आणि मालकाशी इमानी असतो, अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही, उगाच अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. मळ्यावर, वस्तीवर तो उत्तम राखण करतो. पण रॉटवायलरसारखा गेटपाशी बसून राहणारा तो नव्हे. त्याला रोज मोकळं धावायला जागा हवी. कंपाउंड बुटकं असेल तर उडी मारून जातो. मांजर, कोंबडी, पळणारी दुचाकी दिसली की मागे लागतो. ससे धरायला त्याला रानात सोडण्याचा विचार असेल तर तोही सोडा, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

दोन गोष्टी खास ध्यानात ठेवा. एक, त्याच्या बरगड्या थोड्या दिसणं नैसर्गिक आहे, म्हणून चारून चारून फुगवू नका. दुसरी, चरबी कमी असलेल्या अशा धावऱ्या जातींच्या अंगात भुलीच्या काही औषधांचा परिणाम जास्त वेळ राहतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

भेसळ होते ती बहुतेक ग्रेहाउंडची, कारण शर्यतीत वेग हवा असतो. लहान पिल्लात हा फरक नवख्याला कळत नाही. म्हणून आई आणि बाप, दोन्ही बघायचे.

ब्रीडरकडे कायद्याने काय असायला हवं

श्वानपैदास आणि विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. प्राण्यांशी क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली ते आले. ग्राहकाला उपयोगाचे मुद्दे असे :

• ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असावं.
• आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.
• विकलेल्या पिल्लाला मायक्रोचिप आणि वयानुसार लस दिलेली असावी.
• मादी किमान १८ महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पैदास करता येत नाही. आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घेता येत नाहीत.
• रस्त्यावर, बाजारात पिल्लं मांडून विकता येत नाहीत.

यातला आठ आठवड्यांचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण चार-पाच आठवड्यांचं पिल्लू गोंडस दिसतं आणि ब्रीडरचा खाण्याचा खर्च वाचतो. पण आई-भावंडांत राहून पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचं, हे शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे जास्त चावरं किंवा भित्रं होण्याचा धोका असतो. राखणीच्या मोठ्या जातीत हे परवडत नाही.

भेटीला गेल्यावर काय बघायचं

पिल्लू ‘बसस्टँडवर आणून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. जिथे जन्मलं तिथे जा. जागा बघू देत नसेल तर तिथेच विषय संपला.

आईजवळ जा. ती सावध असेल तर चालेल, पण मालकाने सांगितल्यावर शांत होते का? थरथर कापणारी किंवा सतत धावून येणारी आई असेल तर पिल्लांत तोच स्वभाव येण्याची शक्यता मोठी. ‘आई गावाकडे आहे’ असं उत्तर आलं, तर पिल्लं दुसरीकडून आणून विकली जात आहेत असं समजा. एकाच ठिकाणी सहा-सात जातींची पिल्लं असतील तर तो ब्रीडर नव्हे, तो व्यापारी.

जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, विचारा. डॉबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूंचा आजार येतो, त्याची तपासणी झाली आहे का, विचारा. चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला विचारतो : घरात लहान मुलं आहेत का, कंपाउंड किती उंच, दिवसा घरी कोण असतं? तुम्हाला एकही प्रश्न न विचारता पिल्लू हातात देणाऱ्याला फक्त पैशाशी मतलब आहे.

पिल्लू तपासताना :

• डोळे स्वच्छ, नाक वाहत नसलेलं, हिरड्या गुलाबी. पांढुरक्या हिरड्या म्हणजे रक्त कमी, बहुतेक वेळा जंत किंवा गोचिडांमुळे.
• पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं नको. बेंबीजवळ गाठ आहे का, हात लावून बघा.
• शेपटीखाली जुलाबाचे डाग नकोत.
• तोंड उघडून दात बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे जवळजवळ सगळे दात आलेले असतात. पुढचेच चार दात दिसत असतील तर वय खोटं सांगितलंय.
• टाळी वाजवा. दचकून पुन्हा पुढे येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात जाऊन बसणारं आणि सगळ्या भावंडांवर तुटून पडणारं, दोन्ही पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांसाठी नकोत.

कागद कोणता खरा

चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र आपल्याकडे सर्वाधिक चालतं. त्यात पिल्लाचा नोंदणी क्रमांक, मायक्रोचिप क्रमांक, आई-बापाची नावं आणि मागच्या पिढ्यांची वंशावळ असते. मुधोळ घेणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. हा क्लब या जातीची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ या नावाने करतो, तर पुण्याचा इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. नाव वेगळं दिसलं म्हणून कागद खोटा ठरत नाही.

खरेपणाची साधी परीक्षा म्हणजे मायक्रोचिप. १५ आकडी क्रमांक असतो. पैसे देण्याआधी दवाखान्यात नेऊन रीडरने तपासून घ्या आणि कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा. लसीच्या कार्डावर नुसती तारीख पुरेशी नाही. बाटलीवरचं स्टिकर, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा.

आणि हेही समजून घ्या, वंशावळीचा कागद जात सांगतो, तब्येत सांगत नाही. म्हणून पावतीवर लिहून घ्या की दोन-तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांनी आजार दाखवला तर पिल्लू परत घेऊन पैसे दिले जातील. ‘कागद नंतर कुरिअरने येतील’ असं म्हटलं, तर कागद येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

त्या २३ जातींच्या बंदीचं काय झालं?

हा प्रश्न अजून विचारला जातो. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर, केन कॉर्सो अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी असं परिपत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते १० एप्रिल २०२४ रोजी रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं, हे मुख्य कारण. योग्य प्रक्रिया करून नवा निर्णय घ्यायला मात्र केंद्राला मोकळीक आहे. त्यामुळे या जाती घेण्याआधी त्या दिवशीचा नियम पशुसंवर्धन खात्यात आणि महानगरपालिकेत विचारून घ्या. कोल्हापूर, सांगली, गोव्याकडच्या वाचकांनी आपल्या राज्यात वेगळी चौकशी करावी.

बंदी असो वा नसो, जबाबदारी सुटत नाही. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घरी आणल्यावर पहिले तीन महिने

पहिले दहा दिवस ब्रीडरकडचंच खाणं चालू ठेवा, मग हळूहळू बदला. लसीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांपर्यंत. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना. कोर्स पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, पार्कमध्ये खाली सोडू नका, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूल पडणं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. पार्व्होत एक रात्र गेली तर पिल्लू जाऊ शकतं.

पण याच काळात त्याला माणसांची सवयही लावायची असते. साधारण तीन ते चौदा आठवडे हे स्वभाव घडण्याचं वय. कडेवर घेऊन गेटपाशी उभे राहा. दूधवाला, पेपरवाला, शाळेची मुलं, आजोबांची काठी, कुकरची शिट्टी, सगळं बघू द्या, ऐकू द्या. ‘राखणीचा आहे, माणसांत मिसळू देऊ नका’ हा सल्ला चुकीचा आहे. रोजचं काय आणि वेगळं काय, हे कळलेला कुत्राच नीट राखण करतो. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही, चावरा होतो.

कुत्रा चावलाच, मग तो घरचा आणि लस घेतलेला का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. हळद, चुना लावत बसू नका.

पैसे देण्याआधी सहा प्रश्न

१. आई समोर बघितली का?
२. ब्रीडरचं नोंदणी प्रमाणपत्र बघितलं का?
३. पिल्लू आठ आठवड्यांचं आहे, हे दातांवरून पटलं का?
४. मायक्रोचिप आणि कागदावरचा क्रमांक जुळला का?
५. लसकार्डावर स्टिकर आणि सही आहे का?
६. परतीची अट पावतीवर लिहून घेतली का?

सहापैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर रिकाम्या हाताने परत या. पुढचं वेत होईपर्यंत काही महिने थांबावं लागेल, पण घाईत घेतलेल्या पिल्लाचा त्रास घराला आणि त्या मुक्या जिवाला वर्षानुवर्षं भोगावा लागतो.