स्लीप सॅक : बाळाच्या झोपेच्या पिशवीचे माप

तान्ह्या बाळाला निजवताना अंगात घालायची, बिनबाह्यांची, पायाकडून बंद असलेली पिशवी म्हणजे स्लीप सॅक. वरचा भाग झबल्यासारखा, गळा व दोन मुंढे असलेला. खालचा थैलीसारखा, घेरदार. समोर किंवा कडेला चेन, खांद्यावर टिचबटणे. बाळ ही पिशवी पांघरत नाही, अंगात घालते. त्यामुळे कितीही लाथा झाडल्या तरी ती अंगावरून निघत नाही, आणि दुपटे किंवा चादर जशी वर सरकून नाकातोंडावर येते तशी येतही नाही. मराठीत तिला रुळलेले नाव नाही. दुकानात ‘बेबी स्लीपिंग बॅग’ मागितली की बहुतेकदा वेगळीच वस्तू पुढे येते : डोक्यावर टोपी असलेली, आत जाड भरण असलेली, बाळाला गळ्यापर्यंत लपेटणारी गुंडाळी. दवाखान्यातून बाळ घरी आणताना, कुणाच्या तरी हातांत असताना, ती ठीक. रात्री एकट्या निजलेल्या बाळासाठी ती नव्हे. तिला मुंढे नसतात, त्यामुळे बाळ आत घसरते आणि टोपीची कड तोंडाशी येते. पुढील विवेचन मुंढ्यांच्या पिशवीचे आहे.

सेलू हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मनमाड–नांदेड लोहमार्गावरचे, दुधना नदीच्या खोऱ्यातले, काळ्या मातीचे आणि कापसाचे. या भागात बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाची घडी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे : आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ दुपटी, लंगोट, बाळोती, झबले-टोपडे, बारशाची कुंची, खाली वाकळ आणि माळवदाच्या सरीला किंवा पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला बांधलेली लुगड्याची झोळी. आत्या-मावशांनी आणलेल्या बाळंतविड्यात हे सगळे असते. अलीकडे त्यात पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशच्या नातेवाइकांनी दिलेली झोपेची पिशवीही निघते. तेव्हा घरातला पहिला प्रश्न असतो, ‘ही लेकराला कवा येईल?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पिशवीवरच्या ‘०–६ महिने’ या चिठ्ठीत नाही.

दुपट्याला माप लागत नाही, कारण ते दर वेळी नव्याने बेतले जाते. बाळाच्या अंगाभोवती किती वेढे, काखेखालून की खांद्यावरून, टोक कुठे खोचायचे हे आजीचा हात ठरवतो. बाळ वाढते तसा एक वेढा कमी होतो. पिशवीत हा हाताचा निर्णय शिंप्याच्या टिपेत कायमचा शिवला जातो. म्हणून माप चुकले तर दुपट्यासारखे सोडून पुन्हा बांधता येत नाही.

चूक होते ती बहुधा एका चांगल्या सवयीपायी. लहान मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यावेत, हा आपल्याकडचा पक्का हिशेब. शाळेचा गणवेश घ्या, दिवाळीचा फ्रॉक घ्या, आत माया ठेवा, खाली दाब घाला, दोन वर्षे निघतात. पिशवीच्या बाबतीत हा हिशेब अर्धाच चालतो. पायाकडची ढिलाई चालते, किंबहुना हवीच. गळ्याकडची मुळीच चालत नाही. गळा मोठा असला की बाळ झोपेत हळूहळू खाली घसरते, हनुवटी आणि मग नाक कापडात जाते, आणि ज्या धोक्यासाठी चादर टाळली तोच धोका शिवून घेतल्यासारखा होतो. मोठ्या भावंडाची पिशवी धाकट्याला उतरवतानाही हेच : कापड धडधाकट असते, पण गळ्याची पट्टी ताणून सैल झालेली असते.

गळ्याची परीक्षा सोपी. बाळाला पिशवी घालून चेन व बटणे पूर्ण लावावीत. गळ्याची कड आणि बाळाची मान यांत एक बोट सहज शिरावे. एकही शिरत नसेल तर पिशवी लहान झाली. दोन बोटे जोडून आरामात फिरत असतील तर अजून मोठी आहे, घडी घालून ठेवून द्यावी. बंद केलेल्या गळ्याचा घेर बाळाच्या डोक्याच्या घेरापेक्षा स्पष्ट कमी असायला हवा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंमी असतो. मुंढाही असाच पाहावा : काखेत रुतू नये, पण हात आत ओढून घेण्याइतका ऐसपैसही नसावा. खांद्यावर दोन जागी टिचबटणे असलेली पिशवी या कारणासाठी बरी. लहान असताना आतले बटण, नंतर बाहेरचे.

उंचीचे माप डोक्यापासून नव्हे, खांद्यापासून घ्यायचे. बाळाला उताणे निजवून, पाय हलकेच सरळ करून खांद्यापासून टाचेपर्यंत टेप लावावा आणि त्यात अर्धी वीत, म्हणजे १० सेंमीच्या आसपास मिळवावे. १५ सेंमीपर्यंत चालते. त्याहून लांब पिशवीत पायाशी रिकाम्या कापडाचा बोळा होतो. तळाशी घेर भरपूर हवा. बाळाचे पाय नैसर्गिकपणे गुडघ्यात वाकलेले आणि मांड्या फाकलेल्या राहतात, बेडकासारख्या. तसेच राहू द्यावेत. पाय सरळ करून घट्ट बांधण्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय ताणून बांधू नका अशी देशव्यापी मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचे प्रमाण खूप घटले. आपल्याकडे दुपट्यात पाय सरळ करून आवळण्याची हौस अनेक घरांत आहे, पण त्याच घरांत दिवसभर मूल कडेवर असते, मांड्या फाकवून. एक रीत सांध्याच्या विरुद्ध, दुसरी त्याच्या बाजूची.

वय हे मापाचे सर्वांत कच्चे साधन. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत मुलग्याची मध्यम लांबी जन्मतः सुमारे ५० सेंमी, तिसऱ्या महिन्यात ६१, सहाव्यात ६८ आणि वर्षाला ७६ सेंमीच्या जवळ आहे. मुली सेंमी-दोन सेंमीने मागे. म्हणजे ‘०–६ महिने’ या एका चिठ्ठीखाली १८ सेंमीचा फरक दडलेला असतो. त्यातून २.५ किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल तर त्याला ही पिशवी पहिले काही आठवडे गळ्यात बसतच नाही. त्यामुळे चिठ्ठीवर किलोमधले किमान वजन छापले आहे का ते आधी पाहावे. बाळाचे ताजे वजन माता व बाल संरक्षण कार्डावर असते. दुकानात जाताना बाळ नेले नाही तरी कार्ड न्यावे.

आता सेलूचा खरा प्रश्न : पिशवी लागते कधी? मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, माणसे बाजा घेऊन अंगणात किंवा गच्चीवर येतात. त्या दिवसांत बाळाला पिशवी नकोच. मलमलीचे झबले आणि लंगोट पुरे. उलट डिसेंबर-जानेवारीत परभणीचे किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरते, काही वर्षी पाचाच्याही खाली. खोल्या तापवण्याची सोय घरांत नसते. म्हणजे पिशवीचे दिवस फार तर कार्तिक ते माघ. यावरून माप ठरवावे, जन्मतारखेवरून नव्हे. दिवाळीत जन्मलेल्या बाळाला पहिल्या थंडीत सर्वांत लहान माप लागते आणि ते पुढच्या दिवाळीला उपयोगाचे राहत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास जन्मलेले बाळ पहिली थंडी येईतो आठ-नऊ महिन्यांचे, ७० सेंमीच्या आसपासचे असते. त्याच्यासाठी बारशाला आणलेली छोटी पिशवी एकदाही अंगाला न लागता पेटीत जाते. आहेर म्हणून पिशवी द्यायचीच असेल तर महिने मोजून, पुढल्या थंडीचे माप द्यावे.

उबेचे मोजमाप परदेशी पिशव्यांवर ‘टॉग’ या एककात छापलेले असते. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये १९४० च्या दशकात कापडाची ऊब मोजण्यासाठी ते तयार झाले. ढोबळ मानाने खोलीत २४ ते २७ अंश असतील तर ०.५ टॉग, २० ते २४ ला १, आणि १६ ते २० ला २.५. उन्हाळ्यातले सेलू या कोष्टकाच्या बाहेरच पडते. ते थंड मुलखासाठी आखलेले आहे. घरच्या भाषेत : एकपदरी मलमल किंवा होजिअरी म्हणजे पहिली पायरी, दुपदरी सुती म्हणजे मधली, आत कापसाचा पातळ थर घालून शिवलेली म्हणजे कडाक्याची. जाड पिशवीवर आणखी गोधडी घालू नये. बाळाला उकडते का हे हातापायांवरून कळत नाही, ते थंडच लागतात. मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहावे. तिथे घाम असेल तर आतले झबले काढावे. निरोगी, काही आठवड्यांच्या बाळाला घरात झोपताना टोपडे नको, कारण जास्तीची उष्णता ते डोक्यावाटेच टाकते. वजन भरलेल्या जड पिशव्या बाजारात आल्या आहेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये त्या बाळांसाठी वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले.

कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा नियम मात्र निराळा. त्याला टोपडे, पायमोजे आणि आईच्या छातीची ऊब हवी. कांगारू पद्धत ती हीच. पिशवीचा महाराष्ट्रातला खरा इतिहासही याच बाजूचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा तो पाया ठरला. आशांच्या प्रशिक्षणात थंड पडलेल्या बाळाला गरम केलेले कपडे घालून, उबदार पिशवीत ठेवून आईजवळ निजवण्याची सूचना आहे. ती उबेसाठी, कुणाच्या तरी डोळ्यांसमोर वापरायची. रात्री एकट्या निजणाऱ्या बाळाच्या स्लीप सॅकशी तिची गल्लत करू नये.

सेलूसारख्या गावात पिशवी विकत घेण्यापेक्षा शिवून घेणे स्वस्त आणि मापालाही नेमके. शिंप्याला चार मापे सांगावीत : गळा, मुंढा, उंची, घेर. कापड आधी धुऊन वाळवावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि आधी बरोबर घेतलेला गळा आवळतो. माया ठेवायची ती तळाशी. चेन वरून खाली बंद होणारी असावी, म्हणजे तिचा दात हनुवटीला लागत नाही आणि लंगोट बदलताना छाती उघडी पडत नाही. गळ्याला नाडी किंवा बंद लावू नये, शोभेचे मणी-घुंगरू टाकू नयेत. याच जागी आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती शिंप्याच्या हातात नसते : दृष्टीसाठी गळ्यात घातलेला काळा दोरा किंवा ताईत. तो पिशवीच्या गळ्याखाली दडतो, बटणात अडकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दोरा कमरेला करदोडा म्हणून बांधावा. तिथे आजीचीही हरकत नसते.

पिशवी घातलेले बाळ सपाट, फार मऊ नसलेल्या अंथरुणावर उताणे निजवावे, हात बाहेर मोकळे. झोळीत ती घालू नये. झोळीच्या खोलगट पोटात मान पुढे दुमडून हनुवटी छातीला टेकते, आणि वर पिशवी असली की बाळाला स्वतःहून कूस बदलता येत नाही. दुपट्यात हात बांधून निजवण्याची सवय असेल तर बाळ पालथे पडायचा प्रयत्न करू लागताच, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, ती बंद करावी. दुपट्यातून पिशवीत जाण्याची हीच वेळ. मूल धरून उभे राहू लागले की तळाशी पाय बाहेर काढता येणारी पिशवी घ्यावी, नाहीतर पहाटे ते तिच्यातच पाय अडकून पडते.