लैंगिक अल्पसंख्याक तरुण : आरोग्य आणि आर्थिक ओढाताण (बारामती-इंदापूर)

समलिंगी, उभयलैंगिक व पारलिंगी तरुणांची प्रकृती आणि मिळकत यांचा परस्परसंबंध. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत तो समजून घ्यायचा तर सुरुवात दवाखान्यापासून नव्हे, सातबाऱ्यापासून करावी लागते.

दोन्ही तालुके उसाचे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा सहकारी कारखान्यांकडून उसाचे बिल सभासदाच्या, म्हणजे बहुधा वडिलांच्या, खात्यावर जमा होते. सोसायटीचे पीककर्जही सातबाऱ्यावरच मिळते. शेतात राबणाऱ्या मुलाचे स्वतःचे असे त्यात थोडेच. वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हिस्सा असला, तरी लग्नाला नकार देऊन घराबाहेर पडलेला मुलगा वाटणी मागायला सहसा उभा राहत नाही. मुलींना 2005 च्या दुरुस्तीने समान हक्क मिळाला. पण हक्कसोडपत्रावर सह्या आजही सर्रास होतात, आणि एकटी राहू पाहणाऱ्या मुलीला ती सही सर्वांत महाग पडते. मग उरते एमआयडीसीतील कंत्राटी काम. तिथे दवाखान्यासाठी खाडा पडला तरी हजेरी बुडाली.

सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. 2004 पासून त्यावरच्या उपचाराच्या (एआरटी) गोळ्याही मोफत आहेत. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही केसपेपरच्या रांगेत भावकीतले कोणी भेटेल या धास्तीने पुण्याची एसटी धरायची, तर अंतर बारामतीहून सुमारे 100 किमी, इंदापूरहून सुमारे 140. औषध फुकट, खर्च होतो तो लपण्यावर. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (‘नाको’) 2014-15 च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचे प्रमाण देशभरात 4.3 टक्के आढळले. सर्वसाधारण प्रौढांत ते 2015 मध्ये 0.26 टक्के होते. तपासणी टळणे कुणाला परवडत नाही, हे यावरून कळावे.

आधाराचे प्रयत्न झाले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांसाठी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. कायदाही बदलला. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. विवाहाचा हक्क मात्र न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नाकारला. 2024 मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँकखाते उघडण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले मानावे, असे राज्यांना कळवले. ज्या तरुणाचे नाव अजून गावच्या घरच्या शिधापत्रिकेवर आहे आणि ते कमी करून घ्यायला वडिलांनाच कारण सांगावे लागणार आहे, त्याच्यापर्यंत ही सवलत पोहोचत नाही.