टेम्पएफएसची कुळकथा

लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तात्पुरत्या फायलींची ‘/टेम्प’ ही डिरेक्टरी ठाऊक असते. त्यातल्या फायली अनेकदा डिस्कला शिवतही नाहीत, याची मात्र फारशी चर्चा होत नाही.

जुन्या युनिक्सवर कंपायलर एका टप्प्याचं काम /टेम्पमधल्या फाईलमध्ये लिही, पुढचा टप्पा ती वाची आणि मग ती पुसली जाई. फाईलचं आयुष्य जेमतेम काही सेकंदांचं, तरी डिस्कचा हेलपाटा चुकत नसे.

पहिला उपाय होता रॅमडिस्क. मेमरीचा ठरावीक तुकडा बाजूला काढायचा आणि त्यालाच डिस्क मानायचं. पण तुकडा रिकामा असला तरी अडकून पडे. शिवाय फाईल वाचताना कर्नल आपल्या बफरमध्ये तिची आणखी एक प्रत करी, म्हणजे एकच मजकूर मेमरीत दोनदा. बर्कलीच्या मॅक्युसिक, कॅरल्स आणि बॉस्टिक यांनी 1990 मध्ये मांडलेल्या एमएफएस या फाईलसिस्टिममध्ये ही मेमरी गरजेप्रमाणे डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जाऊ शके. आतली मांडणी मात्र डिस्कचीच राहिली.

खरी कोंडी फोडली सन मायक्रोसिस्टिम्सने. त्यांच्या सनओएस 4 मध्ये फायली आणि प्रोग्रॅम मेमरीतल्या एकाच पेज कॅशमधून चालत. सनच्याच पीटर स्नायडर यांनी 1990 मध्ये मांडलेल्या टेम्पएफएस या फाईलसिस्टिमने डिस्कची नक्कलच सोडली. मजकूर थेट त्या कॅशमध्ये राहतो, मेमरी कमी पडली तर स्वॅपमध्ये जातो, आणि फाईल पुसली की जागा मोकळी होते. फॉरमॅट करण्याची गरजच उरली नाही.

लिनक्समध्ये टेम्पएफएस 2001 च्या 2.4 कर्नलबरोबर आला. प्रोग्रॅमांच्या सामायिक मेमरीसाठी केलेल्या फाईलसिस्टिमला हे रूप देणारे क्रिस्टोफ रोलांड एसएपी या जर्मन कंपनीतले. नेटबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीला तो 2005 च्या गूगल समर ऑफ कोडमधून मिळाला. सनच्या सोलॅरिसने /टेम्पसाठी तो फार आधीच स्वीकारला होता. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने 2013 मध्ये आणि डेबियनने थेट 2025 मध्ये.

लिनक्सवर टेम्पएफएसची मर्यादा सहसा निम्म्या रॅमइतकी असते. 16 जीबीच्या मशीनवर 8 जीबी. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं जातं. म्हणून मोठे डाउनलोड आणि उद्या लागणाऱ्या फायली /व्हार/टेम्पमध्ये किंवा आपल्या होममध्येच ठेवा.