राहून गेलेला बाण

नरकचतुर्दशीची पहाट, अंगणात रसरसलेला बंब आणि त्याच्या तोंडातून निघणारी वाफ ही माझ्या मते भूगोलाची पहिली शाळा. बंब गेले, गीझर आले. वाफ मात्र तीच आहे. पाण्याची वाफ, वाफेचा ढग, ढगाचा पाऊस आणि पावसाचे पुन्हा पाणी हा धडा मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका खेड्यातल्या शाळेत तीसहून अधिक वर्षे शिकवला. परंतु तो मला स्वतःला नीट समजला, तो एका पाचवीतल्या मुलीमुळे.

साल १९७२. पावसाने दगा दिलेला. दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. मुलांना सुकडी मिळे. अशा दिवसांत मी फळ्यावर समुद्र काढला, वर सूर्य काढला, ढग, डोंगर, नदी काढली आणि सगळ्यांना बाणांनी जोडून मोठ्या ऐटीत म्हणालो, "पाणी कधी नाहीसे होत नाही. फिरून येतेच."

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "गुरुजी, फिरून येतंय, तर मग आमच्या आडात का येत नाही?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "येईल, पुढच्या वर्षी." हे उत्तर नव्हते, हे मला तेव्हाच कळले होते. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. आईबरोबर पाणी भरायला जाते, असे कळले. तिची पाटी कायमची सुटली आणि तिचा प्रश्न माझ्याकडे राहिला.

त्या प्रश्नामागे लागून मी मिळतील ती पुस्तके वाचत गेलो. तेव्हा लक्षात आले, की जे चित्र मी पाच मिनिटांत फळ्यावर काढत असे, ते पुरे व्हायला माणसाला दोन हजार वर्षे लागली होती!

आपल्याकडे सूर्य पाणी ओढून घेतो नि पावसाने परत देतो, ही कल्पना जुनी. दिलीप राजाच्या करवसुलीला कालिदासाने हीच उपमा दिली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर पाऊस मोजायला कोठारात एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवावे असे सांगितले असून प्रदेशवार आकडेही दिले आहेत. अवंतीला २३ द्रोण, आपल्या गोदाकाठच्या अश्मकाला त्याहून पुष्कळ कमी आणि अपरांताला, म्हणजे कोकणाला, 'अमित'! कोकणच्या पावसापुढे मोजणाऱ्यानेही हात टेकले होते.

पण झरे आणि नद्या पावसावर जगतात का, हा वाद मात्र युरोपात फार काळ चालला. एवढ्याशा पावसात एवढ्या मोठ्या नद्या बारमाही कशा वाहतील? ॲरिस्टॉटल म्हणे, जमिनीखालच्या थंड पोकळ्यांत हवेचेच पाणी होते. १६६५ साली किर्चरने तर समुद्राचे पाणी भुयारांतून डोंगरांच्या पोटात चढते, अशी सुरेख चित्रे छापली. खरे सांगून गेला होता तो एक कुंभार. बर्नार पालिसी याने १५८० सालीच लिहिले, की झऱ्यांना पावसाखेरीज दुसरा बाप नाही. पण कुंभाराचे कोण ऐकतो?

ऐकावे लागले ते हिशेबनीसाचे. प्येर पेरो हा पॅरिसचा कर गोळा करणारा अधिकारी. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ. १६६४ साली नोकरी गेली, पण हिशेबाची खोड गेली नाही. त्याने सीन नदीच्या उगमाकडचा थोडा मुलूख घेतला, तिथे वर्षात किती पाऊस पडतो आणि नदी किती पाणी नेते याची बेरीज-वजाबाकी मांडली आणि १६७४ साली जाहीर केले, की नदी नेते त्याच्या सहापट पाणी आभाळातून पडते! पुढे १६८७ साली धूमकेतूवाल्या हॅलेने मिठाच्या पाण्याचे पातेले निखाऱ्यावर कोमट करून तराजूत तोलले आणि त्यावरून भूमध्य समुद्रातून दिवसाला ५२८ कोटी टन पाणी उडते, असा अंदाज बांधला. नद्या त्या समुद्राला घालतात ते त्याच्या हिशेबाने १८२ कोटी टनांच्या आसपास. वर जाणारा बाण असा सापडला.

मग पेरोच्या हिशेबातले उरलेले पाच हिस्से गेले कुठे? काही उडाले, काही झाडांनी प्याले आणि काही जमिनीत मुरले. पण गंमत अशी, की पाऊस खोल मुरतो यावर खुद्द पेरोचाच विश्वास नव्हता. ते दाखवले मारिऑतने. पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात जे पाणी पाझरे, ते पावसाबरोबर वाढे आणि पावसाबरोबर ओसरे. त्याच्या मृत्यूनंतर, १६८६ साली, हे छापले गेले.

इथे मला त्या मुलीचे उत्तर सापडले. माझ्या फळ्यावर हा मुरणारा बाणच नव्हता! पाणी फिरून येते हे खरे. पण जिथून गेले तिथेच येईल, असा करार त्याने कुणाशी केलेला नाही. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि घाटमाथ्याच्या आडोशाला असलेल्या माणला वीस इंचांच्या आसपास. तेवढाही आमच्या काळ्या पाषाणावरून धावत सुटला, तर आडात येणार काय?

१९७३ साली पाऊस झाला आणि दुष्काळात बांधलेला आमचा पाझर तलाव भरला. फाल्गुनात तो आटला, तेव्हा लोक म्हणाले, मेहनत फुकट गेली. पण त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना वैशाखातही पाणी होते. ज्या मजुरांनी तो बांधला, त्यांत त्या मुलीची आई होती. तिने टोपल्या वाहून तो बाण काढला होता, मी खडूनेसुद्धा काढला नव्हता.

त्या वर्षापासून मी तो काढू लागलो. पुढे वाचनात आले, की २०१९ साली काही संशोधकांनी जगभरातली साडेचारशेहून अधिक जलचक्राची चित्रे तपासली, तेव्हा शंभरातल्या सुमारे पंचाऐंशी चित्रांत माणसाचा मागमूसही नव्हता. धरण नाही, विहीर नाही, शेत नाही. पाणी आपले एकटेच फिरते आहे!

यंदा अभ्यंगस्नानाला नातवंडे गोळा झाली, की त्यांना तांब्यातले पाणी दाखवून जरूर विचारा, हे आले कुठून आणि जाणार कुठे. चित्रही काढायला सांगा. फक्त ढग, डोंगर, नदी झाल्यावर एक बाण जमिनीच्या पोटात जाऊ द्या, आणि त्याच्या शेजारी डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई काढायला विसरू नका.